नारायण मेघाजी लोखंडे : गिरणीतल्या आणि जिनातल्या स्त्रियांचा कैवारी

बोदवडसारख्या कापसाच्या गावात जिन म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. दिवाळी झाली की कापसाच्या गाड्या बाजाराची वाट धरतात, आणि गाड्यांमागोमाग मजुरीच्या शोधात निघालेल्या बायाही जिनाची वाट धरतात. खानदेशाच्या या काळ्या जमिनीत कापूस फार जुना आहे. परंतु कापसाचा जिन आणि जिनातली मजूर स्त्री ही दोन्ही गेल्या दीडशे वर्षांतली आहेत. त्याआधी घराघरांत लाकडी चरकीवर सरकी काढली जात असे. तेही काम बहुतेक स्त्रियांचेच होते, परंतु ते घरचे काम होते. लेकरू पाळण्यात, चूल पेटलेली, आणि मधल्या वेळात चरकी, असा तो क्रम होता.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले आणि इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला. मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांची नजर हिंदुस्थानच्या कापसाकडे वळली. त्याच दशकात आगगाडीचा रस्ता भुसावळवरून वऱ्हाडाकडे सरकला आणि १८६७ साली नागपूरला पोहोचला. बोदवडचा मुलूख या रस्त्याला लागूनच आहे. कापूस गाठी बांधून मुंबईला न्यायचा, तर आधी सरकी निघाली पाहिजे आणि रुई दाबली गेली पाहिजे. म्हणून वाफेच्या शक्तीवर चालणारे जिन आणि प्रेस खानदेशात उभे राहिले. जळगावला मूळजी जेठा यांची सूतगिरणी १८७० नंतरच्या दशकात सुरू झाली. पण गिरणी एक, तर जिन अनेक. आणि जिनात प्रत्येक यंत्रापुढे एक हात लागतो. हा हात बाईचा असे. यंत्रापुढे बसून किंवा उभे राहून हाताने कपास सारायची, रूळ रुई ओढून घेणार आणि सरकी खाली पडणार. यंत्राला दम लागत नाही, म्हणून बाईनेही दम घ्यायचा नाही. नाकातोंडात तूस, अंगावर तूस, आणि कानात पट्ट्यांचा खडखडाट.

या कामाचे तास किती होते, याची नोंद सरकारी दप्तरात आहे. मुंबई सरकारने १८८४ साली कारखान्यांच्या चौकशीसाठी एक कमिशन नेमले आणि त्याचा अहवाल १८८५ साली आला. त्या कमिशनपुढे खानदेशातल्या जिनांची हकीकत आली, ती वाचताना माणूस सुन्न होतो. पहाटे चार-पाचला काम सुरू व्हायचे आणि रात्री सात, आठ, नऊपर्यंत चालायचे. हा झाला नेहमीचा दिवस. हंगामाची घाई असली म्हणजे रात्रही दिवसाला जोडली जाई. तीच माणसे, त्याच बाया, आठ-आठ दिवस रात्रंदिवस यंत्रापुढे. ज्या रात्री घरी जात त्या पहाटे तीनलाच परत दारात येऊन बसत, कारण चारला दार उघडताना आपण तेथे नसलो तर दुसरी कोणी आपली जागा घेईल ही धास्ती. पहाटे चार ते रात्री दहा, म्हणजे अठरा तासांची मजुरी तीन ते चार आणे. बाया अगदीच थकून गेल्या की नवीन बाया घ्यायच्या. अशा कामाने माणसे मरत, हेही त्या साक्षीत निर्विकारपणे सांगितलेले आहे.

वाचकहो, हे कोणा आंदोलकाने रचलेले आरोप नव्हेत. कारखान्यांचा कारभार आतून जाणणाऱ्यांनी दिलेली ही माहिती आहे. तिला कोणी नाकारले नाही, कारण त्यात नाकारण्यासारखे काही आहे असे त्या वेळी कोणाला वाटत नव्हते.

परंतु याच कमिशनकडे मुंबईहून आणखी एक कागद गेला होता. तो कारखानदाराचा नव्हता, इन्स्पेक्टराचा नव्हता. साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्या-आंगठ्यांचा तो अर्ज होता, आणि तो तयार करून पाठविणारे गृहस्थ होते नारायण मेघाजी लोखंडे. हिंदुस्थानातल्या कामगारांनी आपल्या मागण्या एकत्र बसून ठरवाव्या आणि सरकारपुढे मांडाव्या, हे त्यांच्यामुळे प्रथम घडले. म्हणूनच त्यांना भारतीय कामगार चळवळीचे जनक म्हणतात. दुर्दैवाने आपल्याकडे कामगार चळवळीचा इतिहास सांगणारे बहुतेक लोक १९१८ किंवा १९२० पासून सुरुवात करतात आणि त्याआधीच्या या माणसाला दोन ओळींत आटोपतात. सत्यशोधकांच्या वाट्याला हे नेहमीच आले आहे.

नारायणरावांचा जन्म १८४८ साली ठाण्यात झाला. हेच ते वर्ष, ज्या वर्षी जोतीराव फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. लोखंड्यांचे घराणे फुलमाळी जातीचे, मूळचे पुणे जिल्ह्यातले, परिस्थिती बेताची. शिक्षण ठाण्यातच झाले आणि ते इंग्रजी शिकले. शूद्र समजल्या गेलेल्या जातीतल्या मुलाने त्या काळी इंग्रजीपर्यंत मजल मारणे ही मोठी गोष्ट होती, आणि एवढे शिकलेला माणूस सरकारी खुर्ची धरून आयुष्यभर सुखाने बसू शकत होता. नारायणरावांनीही प्रथम रेल्वेत व टपाल खात्यात नोकरी केली. पुढे मुंबईत मांडवीच्या एका कापडगिरणीत ते कारकुनीच्या जागेवर लागले.

या जागेने त्यांचे आयुष्य बदलले. कारकून म्हणजे ना धड मालक, ना धड मजूर. हजेरीची वही, मालाची वही त्याच्यासमोर असते. मजूर किती वाजता आत आला, किती वाजता बाहेर पडला, त्याला दंड किती बसला, पगार कोणत्या तारखेला मिळाला, हे सर्व त्याला दिसते. बहुतेक कारकून ते पाहतात आणि पुढचे पान उलटतात. नारायणरावांना पान उलटता आले नाही, कारण तोपर्यंत ते सत्यशोधक झाले होते. १८७३ साली जोतीरावांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. त्याची शिकवण नारायणरावांनी नुसती ऐकली नाही, ती गिरणीच्या आवारात लावून पाहिली. भट आणि शेटजी यांच्या तावडीत सापडलेला शेतकरीच दुष्काळाने आणि कर्जाने गाव सोडून मुंबईला येतो आणि गिरणीतला मजूर होतो, हे त्यांना स्पष्ट दिसत होते. खेड्यातला शूद्रातिशूद्र आणि शहरातला गिरणी कामगार हे दोन वेगळे लोक नव्हते.

१ जानेवारी १८७७ रोजी कृष्णराव भालेकरांनी पुण्यात 'दीनबंधू' हे पत्र काढले होते. बहुजन समाजाचे ते पहिले वृत्तपत्र. पैशाअभावी भालेकरांना ते चालवणे अशक्य झाले, तेव्हा १८८० साली लोखंड्यांनी ते मुंबईत आणले आणि संपादकत्व पत्करले. पुढे नोकरी सोडून त्यांनी आपला सर्व वेळ पत्राला आणि कामगारांना दिला. त्यांच्या पत्नी गोपिकाबाई आणि मुलगा गोपीनाथ यांनी या संसाराची ओढाताण सोसली. नियतकालिक चालवणे म्हणजे काय, हे आपल्यासारख्या पाक्षिकाच्या वर्गणीदारांना वेगळे सांगायला नको.

आता त्या काळच्या मुंबईच्या गिरण्यांकडे वळू. १८५४ साली कावसजी दावर यांनी पहिली कापडगिरणी स्थापन केली आणि दोन वर्षांत ती सुरू झाली. पुढच्या तीस वर्षांत परळ, लालबाग, ताडदेव, भायखळा या भागांत धुराड्यांची रांग उभी राहिली. गिरणीत अजून विजेचा दिवा आला नव्हता, म्हणून सूर्य हाच कामगारांचा मुकादम. उजाडले की भोंगा, मावळले की सुटका. थंडीत बारा-एक तास भरत, उन्हाळ्यात तेरा-चौदा. आठवड्याची सुटी नव्हती. सणावारांच्या मोजक्या सुट्या, आणि ज्या रविवारी गिरणी बंद म्हणावी त्या रविवारीही यंत्रे पुसायला अर्धा दिवस जाई. दुपारी जेमतेम अर्धा तास, तोही पुष्कळ ठिकाणी यंत्र चालू ठेवून. पगार महिना उलटून गेल्यावर कधीतरी होई. तोपर्यंत वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज. पगाराला उशीर ही मालकाची नुसती आळसाची बाब नव्हती. कामगार नोकरी सोडून जाऊ नये म्हणून त्याचा पैसा अडकवून ठेवण्याची ती युक्ती होती.

मुंबईच्या गिरण्यांत दर चार-पाच कामगारांमागे साधारण एक स्त्री होती. सूत गुंडाळण्याच्या आणि लड्या करण्याच्या खात्यांत बायाच असत. त्यांच्यावर नायकीण असे, आणि नायकिणीची मर्जी सांभाळल्याशिवाय काम मिळत नसे. पुरुष भोंग्याबरोबर उठतो. बाई भोंग्याच्या दोन तास आधी उठते, कारण पाणी, चूल, भाकरी, लेकरू हे सर्व तिनेच आवरायचे. संध्याकाळी तिचा दुसरा दिवस सुरू होतो. तान्हे मूल घरी ठेवायचे तर ते दिवसभर झोपलेले राहावे म्हणून त्याला अफूची बाळगोळी देण्याची चाल गिरणगावात पडली. १९२० नंतरच्या पाहणीतही ती चाल जशीच्या तशी आढळली. आईने मुलाला अफू द्यावी, हे वाचून आज आपण त्या आईला दोष देऊ. परंतु मूल कामावर नेता येत नाही आणि कामाला न जाता जगता येत नाही, अशा कोंडीत तिला कोणी टाकले, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

यावर कायदा काय होता? १८८१ साली हिंदुस्थानचा पहिला कारखाना कायदा झाला. सात वर्षांखालच्या मुलाला कामावर घेऊ नये, बारा वर्षांपर्यंतच्या मुलाकडून नऊ तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये, मुलांना महिन्यातून चार सुट्या द्याव्या, एवढाच त्याचा सार. मोठ्या माणसांबद्दल त्यात काही नाही आणि स्त्रियांबद्दल तर अक्षर नाही. शिवाय शंभरांहून कमी माणसे असलेला कारखाना कायद्याबाहेर, आणि वर्षातून चार महिन्यांहून कमी चालणारा कारखानाही कायद्याबाहेर. ही शेवटची अट वाचकांनी लक्षात ठेवावी. खानदेशातले जिन हंगामापुरते चालत. म्हणजे जेथे बाया अठरा तास उभ्या होत्या, नेमक्या तेथेच कायद्याचे दार बंद झाले.

एवढा तोकडा कायदाही आपल्याकडच्या पुढाऱ्यांना नको होता. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना हिंदी गिरण्यांची स्पर्धा खुपत होती आणि त्यांनीच पार्लमेंटात या कायद्यासाठी जोर लावला होता, ही गोष्ट खरी आहे. परंतु एवढ्यावरून पुण्या-मुंबईच्या राष्ट्रीय म्हणवणाऱ्या पत्रांनी निष्कर्ष काढला की कारखाना कायदा म्हणजे देशी उद्योगावर घाला आणि त्याला विरोध म्हणजे देशभक्ती. 'केसरी' आणि 'मराठा' ही पत्रे या विरोधात आघाडीवर होती. त्यांच्या हिशेबात देश होता, धंदा होता, भांडवल होते. पहाटे तीनला जिनाच्या दारात बसलेली बाई नव्हती. कायद्याच्या बाजूने बोलणारे सोराबजी शापूरजी बंगाली यांच्यासारखे एखादे पारशी गृहस्थ, आणि 'दीनबंधू'. लोखंड्यांची भूमिका साधी होती. मँचेस्टरचा हेतू काय आहे ते मँचेस्टर जाणो, आमच्या माणसाला विश्रांती मिळते की नाही ते आम्ही पाहणार. माझ्या मते त्या काळात या प्रश्नावर इतकी स्वच्छ दृष्टी दुसऱ्या कोणा मराठी संपादकाची नव्हती.

२३ सप्टेंबर १८८४ रोजी परळच्या सुपारीबागेत लोखंड्यांनी गिरणी कामगारांची सभा भरवली आणि तीन दिवसांनी दुसरी. या सभांतून मागण्या ठरल्या. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सर्वांना सुटी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला संपावे. मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हाती पडावा. कामावर इजा झाली तर बरे होईपर्यंत पगार, आणि कायमचे अपंगत्व आले तर पोटापाण्याची सोय. मागण्या किती माफक आहेत पाहा! पण मालकांना त्या बंडासारख्या वाटल्या. लोखंडे ज्या संघटनेच्या नावाने काम करीत ती बॉम्बे मिल हॅण्ड्स असोसिएशन. तिला ना सभासदांची यादी होती, ना वर्गणी, ना निधी, ना घटना. पुढे कारखाना खात्याच्या अहवालात या गोष्टीवर बोट ठेवले गेले, आणि आजही काही विद्वान म्हणतात की ती खरी युनियन नव्हतीच. नसेल. ज्यांना महिन्याचा पगार महिन्यात मिळत नव्हता त्यांच्याकडून वर्गणी कोण मागणार होते?

रविवारच्या मागणीला लोखंड्यांनी दिलेली कारणे पाहण्यासारखी आहेत. शरीराला विश्रांती हवी हे तर खरेच. पण सहा दिवस मालकाचे काम केल्यावर एक दिवस माणसाला आपल्या समाजाच्या कामासाठी मिळाला पाहिजे, असेही ते सांगत. रविवार हा खंडोबाचा वार आहे असा आधारही त्यांनी घेतला, असे सांगितले जाते. आपल्या काही वाचकांना हे खटकेल. परंतु समोर बसलेला कामगार कोण आहे, त्याला कोणता शब्द चटकन कळतो, हे ओळखून बोलणारा तो माणूस होता. देवाच्या वाराचा उपयोग त्यांनी माणसाच्या विश्रांतीसाठी केला. पुजाऱ्याच्या दक्षिणेसाठी केला नाही, हा फरक ध्यानात घ्यावा.

१८८५ चा अहवाल आला आणि दप्तरात पडून राहिला. पाच वर्षे गेली. या काळात लोखंडे पत्रातून लिहीत राहिले, चाळीचाळींतून हिंडत राहिले, सरकारकडे अर्ज धाडत राहिले.

१८९० हे वर्ष त्यांच्या आयुष्यात सर्वांत मोठे. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात त्यांनी मुंबईतल्या न्हाव्यांची सभा भरवली. विधवेचे केस काढणे हे पाप आहे, ते आपल्या हातून होऊ नये, असे न्हावी बांधवांनी तेथे ठरवले. ब्राह्मण समाजात विधवेला विद्रूप करण्याची ही रूढी होती, आणि तिच्याविरुद्ध सुधारक लेख लिहीत होते, व्याख्याने देत होते. लोखंड्यांनी वेगळी वाट काढली. वस्तरा ज्याच्या हातात आहे त्यालाच त्यांनी उभे केले. कामकऱ्याने अन्यायाचे काम नाकारले की अन्याय थांबतो, ही कल्पना त्यांना गिरणीत सुचली की फुल्यांच्या सहवासात, हे सांगणे कठीण, पण दोन्ही ठिकाणांची ती होती. कामगारांचा पुढारी विधवांच्या प्रश्नात कशाला पडला, असा प्रश्न तेव्हा कोणी विचारला असेल तर त्याला सत्यशोधक समाज कळला नव्हता.

त्यानंतर महिन्याभरात, २४ एप्रिल १८९० रोजी, महालक्ष्मीच्या मैदानात सुमारे दहा हजार कामगार जमले. या सभेत दोन स्त्री कामगार उभ्या राहून बोलल्या. हे वाक्य आपण पटकन वाचून पुढे जातो. जरा थांबावे. १८९० साली घरंदाज म्हणवणाऱ्या घरांतली स्त्री परपुरुषासमोर उंबरठ्यावर येत नव्हती. तिच्या शिक्षणावरून, तिच्या लग्नाच्या वयावरून पुण्यात वाद पेटले होते, आणि ते वाद पुरुषच घालत होते. अशा वेळी गिरणीत सूत गुंडाळणाऱ्या दोन बाया दहा हजार माणसांपुढे उभ्या राहतात आणि सुटी का हवी ते स्वतःच्या तोंडाने सांगतात. जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी मुलींच्या हातात पाटी दिली होती. ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली स्त्री-पुरुष तुलनेचा सवाल छापून विचारला, तेव्हा जोतीरावांनी तिची बाजू घेतली होती. त्याच परंपरेतल्या माणसाने भरवलेल्या सभेत कामकरी स्त्रीला व्यासपीठ मिळाले, यात योगायोग नाही.

या सभेतून आठवड्याच्या सुटीचा अर्ज गिरणीमालकांच्या संघाकडे गेला. १० जून १८९० रोजी मालकांनी मागणी मान्य केली. मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुटी मिळाली.  रविवार साहेबाच्या चर्चमुळे आला असे समजणारे लोक आजही भेटतात. साहेबाचा रविवार साहेबापुरता होता. गिरणीतल्या मजुराचा रविवार मजुरांनी मागून घेतलेला आहे.

त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने नवे कारखाना कमिशन नेमले आणि मुंबईपुरते सभासद म्हणून लोखंड्यांना त्यात घेतले. सहा वर्षांपूर्वी ज्याने बाहेर उभे राहून अर्ज दिला होता, तो आता आत बसून प्रश्न विचारत होता. या कमिशननंतर १८९१ चा कायदा झाला. त्यात प्रथमच स्त्री कामगाराचे नाव आले. तिला दिवसाला अकरा तासांहून जास्त काम देऊ नये, आणि त्यात दीड तास विश्रांती द्यावी. मुलांचे किमान वय नऊ झाले, त्यांचे तास सात झाले. सर्वांना दुपारी अर्धा तास विश्रांती आणि आठवड्याची सुटी. पन्नास माणसांचा कारखानाही आता कायद्यात आला.

स्त्रियांचे तास बांधू नयेत असे म्हणणारे तेव्हाही होते. तास बांधले तर मालक बाया घेणारच नाहीत, पुरुष घेतील, असे त्यांचे म्हणणे. ही भीती अगदीच खोटी नव्हती, आणि पुढे असा अनुभव आलाही. परंतु स्त्रीला काम मिळावे म्हणून तिने अठरा तास काम करावे, हा युक्तिवाद जो करतो तो तिच्या बाजूने बोलत नाही, तिच्या मालकाच्या बाजूने बोलतो.

आणि खानदेशातले जिन? चार महिन्यांहून कमी चालणारे कारखाने १८९१ च्या कायद्यातूनही सुटले. गिरणीतल्या बाईला अकरा तास मिळाले, रविवार मिळाला. हंगामापुरत्या जिनात कपास सारणाऱ्या बाईला यातले काहीच नाही. ज्या चौकशीत तिची हकीकत सर्वांत भयंकर होती, त्या चौकशीच्या फळातून तीच वगळली गेली. हा लोखंड्यांचा दोष नव्हे. त्यांची ताकद परळ-लालबागच्या चाळींत होती, आणि खानदेशात जिनातल्या बायांची सभा भरवील असा दुसरा लोखंडे निपजला नाही. शेतमजूर बाई चार महिने जिनात, बाकीचे महिने रानात. ती एका ठिकाणी राहत नाही, म्हणून कायदाही तिच्याजवळ पोहोचत नाही. कायदा करणाऱ्यांनी तिला कामगार मानलेच नव्हते.

एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. लोखंड्यांच्या काळच्या गिरणीतही सर्व कामगार सारखे नव्हते. कापड विणण्याच्या खात्यात पगार जास्त, पण तेथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्याला त्या खात्यात प्रवेश नव्हता. ही शिवाशिव गिरणीमालकाने आणली नव्हती, ती सवर्ण कामगाराने गावाहून बरोबर आणली होती. लोखंड्यांनंतर आलेल्या लाल बावट्याच्या पुढाऱ्यांनी तिच्याकडे काणाडोळा केला. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना तो प्रश्न उभा करावा लागला. त्याच वर्षी मुंबई कौन्सिलात बाळंतपणाच्या रजेचे बिल आले तेव्हा बाबासाहेबांनी त्याला भक्कम पाठिंबा दिला, आणि १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला.

लोखंड्यांची शेवटची वर्षे शांततेत गेली नाहीत. जोतीराव २८ नोव्हेंबर १८९० रोजी गेले. १८९३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांचा मोठा दंगा झाला. गिरणी कामगारांत दोन्ही धर्मांचे लोक होते. लोखंड्यांनी दोन्ही समाजांच्या लोकांना एकत्र आणण्याचा उद्योग चालवला आणि भायखळ्याच्या राणीच्या बागेत एकोप्याचा मेळावा भरवला. या कामाबद्दल १८९५ साली सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली. पदवी घेतली म्हणून त्यांना सरकारधार्जिणे म्हणणारे आहेत. पदवी घेऊन किती लोक प्लेगच्या रुग्णालयात गेले, हेही त्यांनी मोजून सांगावे.

कारण १८९६ साली मुंबईत प्लेग आला. शहर रिकामे होऊ लागले. गिरण्यांचे मजूर गावाकडे पळाले, ज्यांना पळता येत होते ते सावकारही पळाले. जातिजातींची इस्पितळे निघत होती, पण चाळीतल्या गरीब मराठी माणसासाठी कोणी नव्हते. लोखंड्यांनी मराठा हॉस्पिटल काढले आणि स्वतः रोग्यांत वावरले. त्यातच त्यांना प्लेगने गाठले. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी ते गेले. वय पन्नाशीच्याही आतले. त्यानंतर महिन्याभराने, १० मार्चला, पुण्यात रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले प्लेगनेच गेल्या.

लोखंडे गेल्यावर त्यांची संघटना टिकली नाही. परंतु वाट बुजली नाही. १९०९ साली मुंबईत कामगार हितवर्धक सभा निघाली, तिच्या प्रवर्तकांत सीताराम केशव बोले होते. हेच बोले पुढे मुंबई कौन्सिलात गेले आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव त्यांनी १९२३ साली मंजूर करून घेतला. त्या ठरावाच्या आधाराने १९२७ साली बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले.

सरकारला लोखंड्यांची आठवण फार उशिरा झाली. २००५ साली त्यांच्या नावाचे टपाल तिकीट निघाले. परळच्या महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्थेलाही त्यांचे नाव आहे.

आणि खानदेशातल्या जिनाचे काय झाले, तेही सांगायला हवे. १९११ च्या कायद्याने हंगामी कारखाने प्रथम कायद्याखाली आले. स्त्रियांना रात्री काम देऊ नये असे त्याच कायद्याने ठरले, पण त्याला एक अपवाद ठेवला, आणि तो अपवाद होता कापसाचे जिन व प्रेस. १९२२ साली तो अपवाद गेला आणि जिनातल्या बाईला रात्र परत मिळाली. १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यात आठवड्याला ५४ तास ठरवले, हंगामी कारखान्यात ६०. बाबासाहेब केंद्रात मजूरमंत्री असताना ४८ तासांच्या आठवड्याचे बिल आले आणि १९४६ साली त्याचा कायदा झाला, तरी हंगामी कारखान्यासाठी थोडे जास्त तास शिल्लक राहिलेच. १९४८ च्या कारखाना कायद्याने हंगामी आणि बारमाही हा भेद पुसला. सुपारीबागेच्या सभेला तोवर चौसष्ट वर्षे झाली होती.